विश्लेषण : गेमचा सर्व्हर बंद झाला की तुमची आयडी, रँक आणि पैसे कुठे जातात?

30 ऑक्टोबर 2020ला कोजागरी होती. त्याच दिवशी भारतातल्या कोट्यवधी फोनवरचा पबजी मोबाइल कायमचा थांबला. फोनवरून ॲप कोणी काढून घेतलं नव्हतं. आयकॉन जागेवरच होता. तो दाबला तरी खेळ मात्र सुरू होत नव्हता.

खरं तर बंदी आली होती दोन महिने आधी. गलवानच्या संघर्षानंतर 2 सप्टेंबर 2020ला केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 69 अ खाली 118 ॲप्स बंद करण्याचा आदेश काढला, त्यात पबजी मोबाइल आणि पबजी मोबाइल लाइट ही दोन्ही नावं होती. स्टोअरवरून गेम गेला, पण ज्यांच्या फोनमध्ये तो आधीच होता त्यांचं खेळणं चालू राहिलं. ‘बंदी आहे, पण चालतंय’ अशा अवस्थेत सप्टेंबर आणि ऑक्टोबर निघून गेला. मग 29 ऑक्टोबरला टेन्सेंट गेम्सने फेसबुकवर एक छोटं निवेदन टाकलं : उद्यापासून भारतातल्या वापरकर्त्यांसाठी सर्व सेवा बंद. म्हणजे नोटीस एका दिवसाची.

गोंदिया जिल्ह्यातल्या सडक अर्जुनीसारख्या गावात या बातमीचा अर्थ मुंबई-पुण्यापेक्षा थोडा वेगळा होता. राष्ट्रीय महामार्ग 53 वरचं, तालुक्याचं पण आकाराने छोटं गाव. आजूबाजूला धानाची शेतं आणि नवेगाव-नागझिऱ्याचं जंगल. मॉल नाही, गेमिंग कॅफेची रांग नाही. मार्च 2020पासून शाळा-कॉलेज बंद, त्यामुळे मित्र भेटायची जागाच मोबाइलवर सरकलेली. एक जण सडक अर्जुनीत, एक कोहमारा फाट्यावर, एक साकोलीत आणि चौथा पुण्याहून, असा स्क्वॉड जमला की रात्रीच्या गप्पाही गेमच्या माइकवरच व्हायच्या. यातल्या कित्येकांकडे एकमेकांचे फोन नंबरही नसायचे. ओळख होती ती गेममधल्या नावाने. सर्व्हर बंद झाला तशी ती फ्रेंड लिस्टही गेली.

सेन्सर टॉवर या संस्थेच्या अंदाजानुसार तोपर्यंत भारतात पबजी मोबाइल सुमारे 17.5 कोटी वेळा डाउनलोड झाला होता. इतक्या लोकांना एकदमच कळलं की फोनमध्ये असलेला गेम आपला नसतो. मग तो असतो कोणाचा?

गेम फोनमध्ये आहे, तर बंद कसा होतो?

ऑनलाइन गेमचे दोन भाग असतात. एक तुमच्या फोनमध्ये : नकाशा, चित्रं, आवाज, बटणं. दुसरा भाग कंपनीच्या संगणकावर, ज्याला आपण सर्व्हर म्हणतो. पबजीसारख्या खेळात खरा खेळ या दुसऱ्या भागात चालतो. 100 खेळाडू कोण, त्यांना एका सामन्यात कसं टाकायचं, कोण कुठे उभा आहे, गोळी लागली की चुकली, झोन कुठे सरकणार, हे सगळं सर्व्हर ठरवतो. फोन फक्त विचारतो आणि आलेलं उत्तर पडद्यावर दाखवतो. म्हणूनच नेट गेलं की आपला खेळाडू जागेवरच पळत राहतो आणि नेट परत आल्यावर कळतं की तो केव्हाच मेलेला आहे.

आयडीचंही तसंच. तुमची रँक, विकत घेतलेली स्किन, यूसी किंवा डायमंड, यातलं काहीच फोनमध्ये साठवलेलं नसतं. कंपनीच्या रजिस्टरमध्ये तुमच्या नावापुढे केलेल्या त्या नोंदी असतात. बँकेच्या पासबुकासारखंच म्हणायला हवं, फरक एवढाच की बँक बंद पडली तर रिझर्व्ह बँक आहे, ठेव विमा आहे. इथे रजिस्टर मिटलं की विषय संपला.

प्रत्येक मल्टिप्लेअर गेम असाच बांधावा लागतो का? नाही, आणि या सगळ्या वादातला कळीचा मुद्दा हाच आहे.

2000 नंतर महाराष्ट्रातल्या सायबर कॅफेत वाढलेल्या पिढीला काउंटर-स्ट्राइक 1.6 आठवत असेल. कॅफेतले आठ-दहा संगणक वायरने जोडलेले, त्यातल्याच एकावर कोणीतरी सर्व्हर सुरू करायचा आणि बाकीचे त्याला जोडले जायचे. कंपनीचा संबंधच नाही, इंटरनेटही लागत नसे. त्यामुळे वीस वर्षांनंतरही हा गेम खेळता येतो. उद्या कंपनीने हात वर केले तरी ज्याच्याकडे फाइल्स आहेत तो आपल्या घरी सर्व्हर लावू शकतो.

मोबाइलमधलं उदाहरण तर महाराष्ट्रातलंच आहे. लुडो किंग हा गेम नवी मुंबईच्या गेमेशन टेक्नॉलॉजीजने 2016मध्ये आणला आणि 2020च्या लॉकडाउनमध्ये तो घराघरात पोहोचला. त्यात दूरच्या नातेवाइकांशी ऑनलाइन खेळता येतं, पण एकाच फोनवर आळीपाळीने किंवा संगणकाविरुद्धही खेळता येतं, आणि त्याला नेट लागत नाही. कंपनीने उद्या ऑनलाइन भाग बंद केला तरी फोन हातोहात फिरवत सोंगट्या चालतील. गेम मरतो की नुसता लंगडतो, हे तो बंद होण्याच्या दिवशी ठरत नाही. तो बनवतानाच ठरलेलं असतं.

बंद कोण करतं? सरकार, कंपनी की आणखी कोणी?

भारतात हा प्रश्न आला की पहिलं बोट सरकारकडे जातं, कारण आपले सगळ्यात गाजलेले प्रसंग बंदीचेच आहेत. पबजी गेला. जुलै 2021मध्ये क्राफ्टन या दक्षिण कोरियाच्या कंपनीने तोच खेळ ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ म्हणजे बीजीएमआय या नावाने परत आणला. फेब्रुवारी 2022मध्ये 54 ॲप्सच्या यादीत गरेना फ्री फायर गेला. 28 जुलै 2022ला बीजीएमआयही स्टोअरवरून गायब झाला. त्याच्या जेमतेम दोन आठवडे आधी त्याची दीड कोटी रुपये बक्षिसांची मास्टर्स सिरीज स्टार स्पोर्ट्सवर टीव्हीवर दाखवली गेली होती! ज्यांनी ई-स्पोर्ट्सला करिअर मानून घरच्यांशी भांडण घेतलं होतं, त्यांचं मैदानच एका संध्याकाळी उचललं गेलं. सुमारे 10 महिन्यांनी, मे 2023च्या अखेरीस तो परतला, तोही आधी तीन महिन्यांच्या चाचणी परवान्यावर. अल्पवयीन मुलांना दिवसाला तीन तास आणि इतरांना सहा तास अशी मर्यादाही आली.

या तीन प्रसंगांत खेळाडूंच्या हाती काय उरलं, ते मात्र सारखं नव्हतं.

पबजीवरून बीजीएमआयवर येताना क्राफ्टनने जुना डेटा हलवायची सोय दिली होती. पण त्यासाठी जुनं खातं फेसबुक किंवा ट्विटरसारख्या लॉगिनला जोडलेलं असणं गरजेचं होतं, आणि ही खिडकी 31 डिसेंबर 2021पर्यंतच उघडी होती. ज्यांनी मधल्या काळात फोन बदलला, फेसबुकचा पासवर्ड विसरला किंवा ही बातमीच ज्यांच्यापर्यंत पोहोचली नाही, त्यांच्या तीन वर्षांच्या स्किन गेल्या. फ्री फायरच्या खेळाडूंचं नशीब जरा बरं. फ्री फायर मॅक्स ही त्याची जड आवृत्ती बंदीच्या यादीत नव्हती आणि दोन्हींसाठी आयडी एकच चालत असे. आयडी वाचली. अडचण आली ती फोनची. कमी रॅमच्या स्वस्त फोनवर चालतो म्हणूनच फ्री फायर गावोगावी पसरला होता आणि मॅक्सला त्याहून बरा फोन लागत होता. सप्टेंबर 2023मध्ये ‘फ्री फायर इंडिया’ येणार, महेंद्रसिंग धोनी त्याचा चेहरा असणार, अशी घोषणा झाली. ऐन वेळी ते लॉन्चिंग पुढे ढकललं गेलं.

पण सरकारी बंदी हा अपवाद आहे. जगभरात बहुतेक गेम बंद होतात ते कंपनीच्या हिशेबामुळे. सर्व्हरचं भाडं, चीटर पकडणारी टीम, नव्या फोनसाठी अपडेट, हा खर्च चालूच असतो. खेळणारे कमी झाले किंवा खर्च करणारे कमी झाले की कंपनी तारीख जाहीर करते. याला त्या धंद्याच्या भाषेत ‘सनसेट’ म्हणतात. शब्द मोठा काव्यमय आहे, फक्त इथला सूर्य दुसऱ्या दिवशी उगवत नाही.

एपेक्स लेजंड्स मोबाइलचं उदाहरण यात सगळ्यात बोलकं आहे. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सच्या या गेमची चाचणी 2021मध्ये सुरुवातीला ज्या देशांत झाली त्यांत भारत होता. मे 2022मध्ये तो जगभर आला. त्या वर्षी ॲपलने त्याला आयफोनवरचा वर्षातला सर्वोत्तम गेम ठरवलं, गूगल प्लेनेही पुरस्कार दिला. आणि 1 मे 2023ला तो बंद झाला. वय एका वर्षाहूनही कमी! बंद होण्याची घोषणा झाली त्याच दिवशी पैसे भरायची सोय थांबली. आधी घेतलेलं चलन शेवटच्या तारखेपर्यंत खेळातच वापरा, असं सांगण्यात आलं.

कधी कधी तर गेम बनवणाऱ्याचाही दोष नसतो, जमीनच सरकते. 2009मध्ये फेसबुकवर आलेला फार्मव्हिल हा झिंगाचा खेळ अनेकांना आठवत असेल. खऱ्या शेताच्या बांधावर राहणारी माणसंसुद्धा रात्री जागून पडद्यावरचं पीक कापत होती. तो ॲडोबी फ्लॅश या तंत्रावर बांधलेला होता. 31 डिसेंबर 2020ला फ्लॅशचा आधार संपला आणि फार्मव्हिलही त्याच दिवशी संपला. त्याआधी 2014मध्ये गेमस्पाय नावाची सेवा बंद झाली होती. ही सेवा दुसऱ्यांच्या गेमसाठी खेळाडू शोधून द्यायचं काम करायची. ती गेल्यावर कितीतरी जुन्या गेमचा ऑनलाइन भाग एकदम मुका झाला. काहींना नवी सोय मिळाली, बाकीच्यांना नाही.

पण पैसे भरले होते त्याचं काय?

रॉयल पास घेताना बटणावर ‘खरेदी करा’ लिहिलेलं असतं. अटी-शर्तींच्या लांबलचक पानावर मात्र वेगळंच असतं : तुम्हाला वस्तू मिळत नाही, ती वापरायची मर्यादित परवानगी मिळते आणि कंपनी ती परवानगी काढून घेऊ शकते. ‘मी सहमत आहे’ हे बटण आपण सगळ्यांनीच न वाचता दाबलेलं असतं, त्यामुळे तेवढ्यासाठी खेळाडूलाच धारेवर धरण्यात अर्थ नाही.

फुकट डाउनलोड होणाऱ्या मोबाइल गेमच्या बाबतीत निदान असं म्हणता येतं की गेम तर फुकट होता, पैसे गेले ते सजावटीवर. पूर्ण किंमत देऊन घेतलेला गेम बंद झाला तर? इथूनच जगभरातला सध्याचा वाद पेटला.

‘द क्रू’ हा युबिसॉफ्टचा गाड्यांच्या शर्यतीचा गेम डिसेंबर 2014मध्ये आला. (युबिसॉफ्ट फ्रान्सची कंपनी असली तरी तिचे स्टुडिओ पुण्यात आणि मुंबईतही आहेत.) कंपनीच्याच सांगण्यानुसार सव्वा कोटीच्या आसपास लोकांनी तो खेळला. त्यातला बराच भाग एकट्याने खेळायचा होता, तरीही प्रत्येक वेळी कंपनीच्या सर्व्हरला जोडणं सक्तीचं होतं. डिसेंबर 2023मध्ये विक्री थांबली आणि 31 मार्च 2024ला सर्व्हर बंद झाले. डिस्क विकत घेतलेल्यांच्या हातात ती चकती तेवढी उरली. त्यानंतर अनेकांच्या डिजिटल खात्यातून गेमचा परवानाही काढून घेण्यात आला.

यावर अमेरिकेचा यूट्यूबर रॉस स्कॉट याने एप्रिल 2024मध्ये ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम सुरू केली. मोहिमेची मागणी अनेकदा चुकीची सांगितली जाते, म्हणून ती नीट पाहायला हवी. कंपनीने सर्व्हर कायम चालवावेत, असं ती म्हणत नाही. बंद करायचा तर करा, पण जाताना गेम खेळता येईल अशा अवस्थेत सोडा, म्हणजे ऑफलाइन मोड द्या किंवा खेळाडूंना स्वतःचा सर्व्हर लावू द्या, इतकंच तिचं म्हणणं आहे. युरोपीय संघात नागरिकांना कायद्याची मागणी करायची सोय आहे, त्यासाठी वर्षभरात 10 लाख सह्या लागतात. 31 जुलै 2025ला मुदत संपली तेव्हा 14 लाखांहून जास्त सह्या झाल्या होत्या. ब्रिटनमध्ये एक लाखाहून अधिक सह्यांच्या अर्जामुळे नोव्हेंबर 2025मध्ये संसदेत चर्चा झाली, मात्र तिथल्या सरकारने ग्राहक कायदा बदलायचा विचार नसल्याचं सांगितलं.

कॅलिफोर्नियात द क्रूच्या दोन खेळाडूंनी नोव्हेंबर 2024मध्ये युबिसॉफ्टवर खटला भरला. कंपनीचा बचाव अपेक्षित होता : खेळाडूंनी परवाना घेतला होता, मालकी नाही. त्याच राज्यात 1 जानेवारी 2025पासून एक नवा कायदा लागू झाला. डिजिटल वस्तू विकताना ‘खरेदी’ हा शब्द वापरायचा असेल, तर हा फक्त परवाना आहे हे ग्राहकाला स्पष्ट सांगावं लागतं. स्टीम या दुकानाने त्याआधीच तशी ओळ पैसे भरायच्या पानावर टाकली. यामुळे गेम वाचत नाही, पण निदान फसगत होत नाही.

कंपन्यांचं म्हणणं काय आहे?

युरोपातल्या गेम कंपन्यांच्या संघटनेने 2025मध्ये आपली बाजू मांडली आणि त्यातले काही मुद्दे खरोखर वजनदार आहेत. खेळाडूंच्या खासगी सर्व्हरवर शिवीगाळ, बेकायदा मजकूर, लहान मुलांचा छळ असं काही झालं तर जबाबदार कोण? लोकांच्या डेटाची राखण कोण करणार? आणि आजचे गेम एका सर्व्हरवर चालत नाहीत. लॉगिन एका कंपनीचं, व्हॉइस चॅट दुसऱ्याची, चीटर पकडणारी यंत्रणा तिसऱ्याची, गाड्यांची आणि गाण्यांची नावं-हक्क आणखी कोणाचे. हे सगळं गुंडाळून खेळाडूंच्या हाती देणं खर्चाचं आहे आणि काही वेळा कराराने शक्यही नाही.

हे खरं असलं तरी अशक्य म्हणावं असं काही नाही, कारण काहींनी ते करून दाखवलं आहे. नॉकआउट सिटी हा गेम जून 2023मध्ये बंद झाला तेव्हा बनवणाऱ्यांनी संगणकासाठी खासगी सर्व्हरची आवृत्ती फुकट देऊन टाकली. सिटी ऑफ हीरोज 2012मध्ये बंद झाला होता. त्याच्या चाहत्यांनी तो वर्षानुवर्षं जिवंत ठेवला आणि जानेवारी 2024मध्ये एनसीसॉफ्ट या मूळ कंपनीने ‘होमकमिंग’ या चाहत्यांच्या गटाला अधिकृत परवाना दिला. सोनीचा कॉन्कॉर्ड ऑगस्ट 2024मध्ये येऊन दोनच आठवड्यांत बंद झाला, पण सोनीने घेणाऱ्यांचे पैसे परत केले. आणि खुद्द युबिसॉफ्टने इतक्या टीकेनंतर द क्रू 2 साठी ऑफलाइन खेळायची सोय 2025मध्ये आणली. म्हणजे दबाव आला की तंत्रज्ञान सापडतं.

झाडीपट्टीतल्या वाचकाला यातला फरक पटकन समजेल. दिवाळीनंतर मंडईच्या हंगामात वडशाच्या नाटक कंपन्या गावोगावी खेळ लावतात. एखादी कंपनी बुडाली तरी नाटकाची संहिता उरते, नट उरतात, दुसरं कोणी ते नाटक परत उभं करू शकतं. सर्व्हरवरच्या गेमचं असं होत नाही. त्याची संहिता प्रेक्षकाने कधी पाहिलेलीच नसते.

भारतात दाद मागता येते का?

गेम बंद करताना कंपनीने काय करावं हे सांगणारा वेगळा कायदा भारतात नाही. ऑगस्ट 2025मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा जो कायदा केला, त्याचा रोख पैसे लावून खेळायच्या खेळांवर आहे. मुंबईच्या ड्रीम11ने आपल्या पैशांच्या स्पर्धा थांबवल्या त्या याच कायद्यामुळे. ई-स्पोर्ट्सला त्यात मान्यता मिळाली ही चांगली गोष्ट, पण सर्व्हर बंद झाल्यावर खेळाडूच्या यूसीचं काय, हा त्याचा विषय नाही.

उरतो तो ग्राहक संरक्षण कायदा, 2019. गेम फुकट असला तरी त्यात एकदा पैसे भरले की तुम्ही मोबदला देऊन सेवा घेणारे ग्राहक ठरू शकता. या कायद्यात ‘अन्याय्य करार’ अशी संकल्पना आहे : एका बाजूला वाजवी कारणाशिवाय एकतर्फी करार मोडायची मुभा देणारी अट त्यात येऊ शकते. अशी तक्रार मात्र जिल्ह्याला नाही, राज्य आयोगाकडे न्यावी लागते. सेवेतली त्रुटी म्हणून साधी तक्रार असेल तर ती गोंदियाच्या जिल्हा ग्राहक आयोगात करता येते. कंपनीचं कार्यालय सोलला असो की बेंगळुरूला, तक्रारदार जिथे राहतो तिथे तक्रार करायचा हक्क या कायद्याने दिला आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची. त्याआधी 1915 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करून पाहता येतो. ई-कॉमर्सच्या 2020च्या नियमांनुसार कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने 48 तासांत पोच आणि महिनाभरात उत्तर देणं अपेक्षित आहे, आणि हे नियम भारतातल्या ग्राहकांना विकणाऱ्या परदेशी कंपन्यांनाही लागू आहेत.

कागदावर हे सगळं छान दिसतं. प्रत्यक्षात 400-500 रुपयांच्या रॉयल पाससाठी सडक अर्जुनीहून गोंदियाच्या फेऱ्या कोण मारणार? शिवाय सरकारी आदेशाने गेम बंद झाला असेल तर कंपनी सरळ आदेशाकडे बोट दाखवेल, आणि तो बचाव कमकुवत नाही. अशा प्रकरणात प्रत्येकाचं नुकसान छोटं आणि नुकसान झालेले लाखो असतात. त्यासाठी कायद्यात एकाच हितसंबंधाच्या अनेक ग्राहकांनी मिळून तक्रार करायची तरतूद आहे. युरोपात सह्या जमल्या त्या याच एकत्र येण्यामुळे.

आणखी एक गुंता वयाचा. भारतीय करार कायदा, 1872 नुसार 18 वर्षांखालच्या मुलाने केलेला करार कायद्याने टिकत नाही. मुलगा खेळतो, पैसे वडिलांच्या यूपीआयमधून जातात आणि आयडी मोठ्या भावाच्या फेसबुकवर असते. उद्या दाद मागायची वेळ आली तर ग्राहक नेमका कोण, इथूनच प्रश्न सुरू होईल.

आत्ता हातात काय आहे?

गेमची आयडी गेस्ट खात्यावर चालवत असाल तर ती आजच ईमेल किंवा दुसऱ्या कायमच्या लॉगिनला जोडा. डेटा हलवायची संधी कधी आली तर ती जोडलेल्या खात्यांनाच मिळते, हे पबजीच्या वेळी दिसलं आहे. पैसे भरल्याच्या पावत्या गूगल किंवा ॲपलच्या ईमेलमध्ये येतात, त्या पुसू नका. चलन साठवून ठेवू नका. बंद होताना खर्च न केलेलं चलनच सगळ्यात आधी वाया जातं. गेम बंद होणार अशी घोषणा झाली की लगेच स्टोअरकडे परतावा मागा, कारण स्टोअरच्या मुदती खूप लहान असतात आणि जुनी खरेदी सहसा परत होत नाही.

आयडी विकत घेणाऱ्यांनी तर दुप्पट सावध राहायला हवं. टेलिग्राम आणि इन्स्टाग्रामवर भारी स्किनच्या आयडी हजारो रुपयांना विकल्या जातात. बहुतेक गेमच्या अटींमध्ये हा व्यवहारच निषिद्ध असतो. त्यामुळे सर्व्हर बंद झाला किंवा मूळ मालकाने पासवर्ड बदलला, तर पावती नाही, हक्क नाही आणि तक्रार करायला जागाही नाही.

आणि ज्या मित्रांशी रोज रात्री माइकवर बोलता, त्यांचे फोन नंबर घेऊन ठेवा. फ्रेंड लिस्ट एक्स्पोर्ट करायचं बटण या गेममध्ये नसतं.